उसना अंगरखा : विषाणू, शर्करा आणि आपली रोगप्रतिकारशक्ती

साखर म्हटली की आमच्या अर्धापूर भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो, गाळपाचा हंगाम उभा राहतो, कोयता घेऊन निघालेली बिऱ्हाडे उभी राहतात. ह्या लेखात जिच्याविषयी लिहावयाचे आहे ती शर्करा मात्र पोत्यात भरली जात नाही आणि चहातही पडत नाही. ती आपल्या अंगातील प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असते. तिचे काम गोडी आणण्याचे नसून ओळख पटविण्याचे आहे. फ्लू, कोविड, एड्स, डेंगू ह्या रोगांचे विषाणूही अशीच शर्करा अंगावर घेऊन वावरतात. ती त्यांना कोठून मिळते, तिचा त्यांना काय उपयोग होतो, आणि तिच्यामुळे आपली लस कधी लागू पडते व कधी चुकते, हे समजून घेणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

एक गैरसमज आरंभीच दूर करू. गोड खाल्ल्याने विषाणूला ही शर्करा मिळते आणि गोड सोडल्याने त्याचे अंग उघडे पडते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मधुमेहात संसर्ग बळावतो हे खरे आहे. पण त्याची कारणे निराळी आहेत. आपण येथे पाहणार आहो त्या शर्करा म्हणजे मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल आणि त्यांच्या जातकुळीतील इतर द्रव्ये. आपण साखर खावो अथवा न खावो, पेशी ती स्वतः घडवीत असते.

शर्करा म्हणजे बिल्ला

शर्करेने ओळख कशी पटते, ह्याचे उदाहरण बहुतेकांच्या खिशातील ओळखपत्रावर लिहिलेले असते. ते म्हणजे रक्तगट. १९०१ च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर ह्यांनी माणसामाणसांच्या रक्तात असे गट असतात हे दाखवून दिले. ए, बी आणि ओ ह्या गटांत फरक तरी किती? तांबड्या पेशीवर शर्करेच्या लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडलेली असली तर गट ए, तिच्या जागी गॅलॅक्टोज असले तर गट बी, आणि दोन्ही नसले तर ओ. एवढ्याशा फरकाने चुकीचे रक्त चढविल्यास माणूस दगावू शकतो.

ह्याहूनही बोलके उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे रक्त शोधून काढले, की ज्याला ओ गटाचे रक्तही चालत नव्हते. त्याला पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव पडले. ह्या माणसांच्या पेशींवरील साखळीत फ्यूकोज नावाची एकच शर्करा नसते. ती इतर सर्वांकडे असते, ओ गटाकडेही असते. म्हणून बॉम्बे गटाच्या माणसाचे शरीर इतर साऱ्यांचे रक्त परके मानून नाकारते. त्याला आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या. शरीर एका शर्करेचाही फरक ओळखते, ही पहिली. आणि जी शर्करा जन्मापासून आपल्या अंगावर आहे तिच्याविरुद्ध शरीर सहसा हत्यार उचलत नाही, ही दुसरी. विषाणूचे फावते ते ह्या दुसऱ्या गोष्टीमुळे.

दुसऱ्याच्या कारखान्यातला माल

विषाणूला स्वतःचा कारखाना नसतो. त्याच्याजवळ असतो तो आपल्यासारखा माल कसा काढावा ह्याचा आराखडा, आणि तो गुंडाळलेले एक वेष्टन. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तेथील यंत्रे, तेथील कच्चा माल व तेथील ऊर्जा वापरून आपल्या हजारो प्रती काढून घेतो. भांडवल त्याचे नाही, श्रमही त्याचे नाहीत; माल मात्र त्याचा. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावयास फार वेळ लागत नाही.

ह्या कारखान्याचे शर्करेचे खाते कसे चालते ते पाहू. प्रथिनाची लांब साखळी तयार होत असतानाच ती पेशीतील पडद्यांच्या एका जाळ्यात शिरते. त्या साखळीत शतावरीवरून नाव पडलेले ‘अ‍ॅस्पॅराजिन’ नावाचे अमिनो आम्ल असले, आणि त्याच्यापासून दोन घरे पुढे सेरीन किंवा थ्रिओनीन असले, की ती शर्करा जोडण्याची खूण ठरते. तेथे १४ शर्करांचा एक तयार फाटा एकदम बसविला जातो. त्यात ३ ग्लुकोज, ९ मॅनोज आणि २ अ‍ॅसिटिल-ग्लुकोसमाइन असतात. मग छाटणी सुरू होते. ग्लुकोज एकामागून एक काढले जातात, आणि ह्याच टप्प्यावर तपासनीस प्रथिने पाहून घेतात की साखळीची घडी नीट पडली आहे की नाही. न पडल्यास माल परत पाठविला जातो. फारच बिघडलेला माल मोडीत काढला जातो. पास झालेला माल पुढच्या खात्यात जातो. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी ह्यांनी १८९८ साली ते पाहिले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. तेथे मॅनोज छाटून गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल असे शेवटचे साज चढविले जातात.

विषाणूची प्रथिने ह्याच खात्यांतून बाहेर पडतात. त्यामुळे त्यांच्या अंगावर जी शर्करा चढते ती आपल्याच पेशीच्या हातची असते. शरीराच्या पहारेकऱ्याला प्रथिनाचा उघडा भाग परका दिसतो. शर्करेने झाकलेला भाग घरचा वाटतो. शिवाय शर्करेचे हे फाटे मऊ झुडुपासारखे हलत राहतात. एक फाटा आपल्याखालील प्रथिनाचा बराच भाग झाकून टाकतो. रक्तातील प्रतिपिंडाला, म्हणजे परक्या वस्तूला नेमके पकडणाऱ्या प्रथिनाला, तेथे टेकावयास जागाच उरत नाही. अंगरखा उसना असला तरी उपयोगाला तो अस्सल ठरतो.

पकड आणि कात्री

शर्करेचा खेळ विषाणूच्या अंगापुरताच नाही. आपल्या पेशीच्या दारावरही तो चालतो. वर्तमानपत्रांत आपण एच१एन१ असे नाव वाचतो. त्यातील ‘एच’ म्हणजे हिमॅग्लुटिनिन आणि ‘एन’ म्हणजे न्यूरामिनिडेज. पहिले प्रथिन विषाणूची पकड आहे, दुसरे त्याची कात्री आहे. पकड पेशीवरील सियालिक आम्लाला धरते आणि विषाणू आत घुसतो. आत त्याच्या प्रती तयार झाल्या की बाहेर पडताना त्या पुन्हा सियालिक आम्लाला चिकटून बसतील. म्हणून कात्री ते कापून टाकते आणि नव्या विषाणूंना मोकळे करते.

हे कसे उमगले तेही पाहण्यासारखे आहे. १९४१ साली न्यू यॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट ह्यांना असे आढळले, की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींत मिसळला की त्यांच्या गाठी होतात. काही वेळाने विषाणू सुटून येतो, आणि त्यानंतर त्या पेशी नव्या विषाणूला धरीत नाहीत. म्हणजे विषाणूने जाताना पेशीवरचे काहीतरी कापून नेले होते. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पटकीच्या जंतूतही तसेच कापण्याचे काम करणारा पदार्थ सापडला. पुढील दहाएक वर्षांत ते ‘काहीतरी’ म्हणजे सियालिक आम्ल हे निश्चित झाले. फ्लूवर दिले जाणारे ऑसेल्टामिविर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले टॅमिफ्लू, हे औषध ह्याच कात्रीची पाती जाम करते. १९९९ साली ते वापरात आले.

आता सियालिक आम्ल साखळीला दोन प्रकारांनी जोडलेले असते. रसायनशास्त्रज्ञ त्यांना २-३ जोड आणि २-६ जोड म्हणतात. पक्ष्यांच्या आतड्यांत २-३ जोड मुबलक असतो. माणसाच्या नाकात, घशात, श्वासनलिकेच्या वरच्या भागात मुख्यतः २-६ जोड असतो; २-३ जोड असतो तो फुफ्फुसात खोल. पक्ष्यांच्या फ्लूची पकड २-३ जोडाला बसते. म्हणूनच २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मरून पडले आणि त्यांत एच५एन१ सापडला, तरी त्यातून माणसामाणसांत साथ पसरली नाही. आमच्या घशाच्या कुलपाला ती किल्ली नीट बसत नाही. परंतु कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर विषाणू फुफ्फुसात खोलवर गेला तर मात्र तेथे कुलूप जुळते, आणि आजार अत्यंत गंभीर होतो. तेव्हा मेलेले पक्षी उचलावयास माणूस पाठविताना त्याला नाकातोंडावर पक्के आच्छादन आणि हातमोजे देणे, हा उपचार नव्हे. ते ह्या शर्करेच्या जोडातून निघणारे साधे कर्तव्य आहे.

मानमोडीपासून पुण्यापर्यंत

विषाणूचा अंगरखा वर्षानुवर्षे कसा वाढत जातो, ह्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्राने दोनदा दिली आहे.

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. सप्टेंबरपासून त्याची दुसरी, अधिक घातक लाट आली. आपल्याकडे ह्या साथीला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून जास्त माणसे नेली. १९११ आणि १९२१ ह्या दोन खानेसुमारींच्या दरम्यान देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता, तीच गोष्ट घडली. त्या वेळी हा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम १९३३ साली वेगळा काढला गेला. १९१८ च्या विषाणूचा संपूर्ण आराखडा तर अलास्काच्या बर्फाळ जमिनीत पुरलेल्या एका प्रेताच्या व जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या आधारे २००५ पर्यंत जुळविण्यात आला. तेव्हा दिसून आले की त्या विषाणूच्या पकडीचा माथा शर्करेच्या दृष्टीने जवळजवळ उघडा होता.

साथ ओसरली तरी विषाणू गेला नाही. तो माणसांत फिरत राहिला. ज्यांना एकदा रोग होऊन गेला त्यांच्या रक्तात त्या उघड्या माथ्याला ओळखणारी प्रतिपिंडे होती. अशा माणसांच्या गर्दीत उघड्या माथ्याचा विषाणू टिकणे कठीण झाले. ज्या प्रतींत चुकून शर्करा जोडण्याची नवी खूण तयार झाली, त्यांचा माथा झाकला गेला आणि त्या निभावल्या. ह्यात विषाणूचा काही बेत नव्हता. उघडे होते ते पकडले गेले आणि झाकलेले होते ते सुटले, इतकेच. अशा रीतीने पुढील काही दशकांत माणसांतल्या एच१एन१ च्या माथ्यावर शर्करेचे फाटे वाढत गेले.

तिकडे डुकरांतही ह्याच कुळातला विषाणू फिरत होता. डुकराचे आयुष्य थोडे. एका पिढीची ओळख पुढच्या पिढीला भेटावी इतका काळ ते जगत नाही. त्यामुळे तेथे विषाणूवर अंगरखा घालण्याची सक्ती झाली नाही. त्याचा माथा बऱ्याच अंशी तसाच उघडा राहिला. २००९ साली डुकरांकडून हा विषाणू माणसांत आला. पुण्यात ऑगस्टच्या ३ तारखेला एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. ह्या साथीतील तो भारतातला पहिला बळी होता. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. त्या वेळी एक गोष्ट जगभर दिसून आली. एरवी फ्लूने म्हातारी माणसे जातात; ह्या खेपेस तरुण आणि मुले अधिक सापडली आणि म्हाताऱ्यांना त्या मानाने लागण कमी झाली.

ह्याचे उत्तर शर्करेत मिळाले. अमेरिकेत तपासणी केली तेव्हा साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसांच्या रक्तात नव्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे आधीपासूनच आढळली. मुलांच्या रक्तात ती आढळली नाहीत. म्हाताऱ्यांनी आपल्या लहानपणी उघड्या माथ्याचा विषाणू पाहिला होता. तरुणांनी पाहिला तो अंगरखा घातलेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना १९१८ च्या पकडीची लस दिली तर ते २००९ च्या विषाणूपासून वाचले, आणि उलटही घडले. नव्या पकडीच्या माथ्यावर मुद्दाम शर्करा बसविली, तेव्हा जुन्या प्रतिपिंडांना ती ओळखता येईना. त्याआधी २००८ साली, १९१८ ची साथ पाहिलेल्या ३२ वृद्धांचे रक्त तपासले होते. नव्वद वर्षे लोटली तरी त्यांच्यात त्या विषाणूची ओळख शाबूत होती. शरीराची आठवण इतकी दीर्घ असते. मात्र आठवण असते ती चेहऱ्याची. चेहऱ्यावर पदर ओढला की ओळख पटत नाही.

अंगरख्याची किंमत

असे असताना विषाणू एकाच वेळी सर्वांगावर शर्करा का चढवीत नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर असे, की अंगरखा फुकट मिळत नाही. पकडीच्या अगदी जवळ शर्करा बसली तर पकडच ढिली पडते. दुसरे म्हणजे, फ्लूच्या कात्रीला विषाणूच्या स्वतःच्या शर्करेवरील सियालिक आम्लही कापून टाकावे लागते. नाहीतर विषाणू एकमेकांनाच धरून बसतील. तिसरे असे, की आपल्या फुफ्फुसांत काही प्रथिने नुसती पहाऱ्याला असतात. त्यांना ओळख लागत नाही. मॅनोजने भरलेली शर्करा दिसली की ती तिला चिकटतात आणि विषाणूला अडवितात. १९१८ आणि २००९ चे उघड्या माथ्याचे विषाणू ह्या पहाऱ्यातून निसटत होते; अंगरखा घातलेले त्यात सापडतात. प्रतिपिंडांपासून लपावे तर ह्या पहारेकऱ्यांच्या हाती लागावे, अशी ही कोंडी आहे. म्हणून अंगरखा एका रात्रीत चढत नाही. १९६८ साली आलेल्या एच३एन२ फ्लूच्या पकडीच्या माथ्यावर आरंभी दोनच शर्करेच्या जागा होत्या. अनेक दशकांत त्या एकेक करून वाढत गेल्या.

एड्स, कोविड, डेंगू

अंगरखा किती दाट आहे ह्यावर लसीचे भवितव्य कसे ठरते, हे दोन विषाणू शेजारी ठेवून पाहावे. एड्सच्या विषाणूच्या बाहेरील प्रथिनाचे जवळजवळ निम्मे वजन शर्करेचे असते. प्रथिन जवळपास पूर्णच झाकलेले. हा रोग १९८१ साली लक्षात आला. १९९२ साली पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. जगभर लसीचे प्रयत्न झाले. आणि तरीही वापरता येईल अशी लस आजवर हाती आलेली नाही. विषाणूचे झपाट्याने रूप बदलणे हे त्याचे एक कारण, आणि हा दाट अंगरखा हे दुसरे. तथापि काही थोड्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आढळली आहेत, की जी त्या शर्करेच्या दाटीलाच पकडतात. शर्करा आपली असली तरी इतकी दाट मांडणी आपल्या पेशीवर नसते. ह्या विसंगतीवरून चोर ओळखू येतो. नव्या लसींचा एक शोध ह्याच वाटेने चालला आहे.

कोविडच्या विषाणूवरील काट्यासारखे प्रथिन तीन सारख्या तुकड्यांचे असते. प्रत्येक तुकड्यावर शर्करेच्या २२ जागा, म्हणजे काट्यावर ६६. परंतु जो टोकाचा भाग आपल्या पेशीला धरतो, तो बराचसा उघडा असतो. २०२० साली संगणकावर केलेल्या अभ्यासात असेही दिसले, की दोन ठिकाणची शर्करा त्या टोकाला उघड्या स्थितीत टेकू देऊन धरते. म्हणजे शर्करा येथे पडदाही आहे आणि टेकूही आहे. टोक उघडे राहिल्याने प्रतिपिंडांना जागा मिळाली, आणि एका वर्षात लसी तयार होऊ शकल्या. पुण्याच्या सीरम संस्थेत तयार झालेल्या कोविशील्डमध्ये काट्याचा नुसता आराखडा होता. प्रत्यक्ष काटा आपल्याच पेशींनी घडविला आणि त्यावर शर्कराही आपल्याच पेशींनी चढविली. कोव्हॅक्सिनमध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा काढलेला विषाणू माकडाच्या पेशींत वाढवून मारलेला होता. दोन्ही वाटांनी शरीराला दाखविलेला चेहरा खऱ्याशी जुळता होता.

डेंगूची गोष्ट आणखी निराळी. तो डासाच्या पेशीत घडून येतो. त्या कारखान्यात शेवटचे साज चढत नाहीत. त्यामुळे विषाणूवर मॅनोजने भरलेले अर्धवट फाटे राहतात. आपल्या त्वचेतील पहारेकरी पेशींजवळ अशी शर्करा पकडण्याचा एक हात असतो. तो हात विषाणूला धरतो, आणि विषाणू त्याच हाताने त्या पेशीच्या आत शिरतो. पहारेकऱ्याच्या हातानेच दार उघडले जाते.

लस का बदलावी लागते

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा विषय निवडला तो घेऊ. २०२१ पासून कामगारांच्या सभांत एक प्रश्न वारंवार येतो : लस घेतली तरी ताप आला, मग ती कशाला घ्यावयाची? हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नाही. लसीला एक दिवस आणि तापाला दोन दिवस गेले, तर त्याचे तीन रोज बुडतात. ‘शास्त्रज्ञ सांगतात म्हणून घ्या’ हे उत्तर त्याला पुरत नाही, आणि पुरू नये.

खरे उत्तर असे आहे. लस शरीराला एक चेहरा दाखविते. विषाणू तो चेहरा कधी प्रथिन बदलून, तर कधी शर्करा चढवून बदलतो. कोविडच्या बाबतीत मुख्यतः उघड्या टोकाचे प्रथिन बदलत गेले. फ्लूत दोन्ही घडते. त्यामुळे दाराशीच अडविणारी प्रतिपिंडे चुकू शकतात आणि ताप येतो. परंतु शरीराजवळ पेशींची दुसरी फौज असते. ती विषाणूचा अंगरखा पाहत नाही. रोगग्रस्त पेशीत तयार झालेल्या विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पाहून ती पेशीच नष्ट करते. आतल्या प्रथिनांना अंगरखा झाकू शकत नाही. म्हणून ताप येऊनही माणूस पुष्कळदा प्राणवायूच्या नळीपर्यंत जात नाही. दोन रोज बुडणे आणि घरचा कर्ता माणूस जाणे ह्यांतील अंतर हेच लसीचे काम आहे.

लस करणारेही कधी शर्करेला फसतात, हेही लपवू नये. फ्लूची लस पूर्वापार कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून केली जाते. २०१६-१७ च्या हंगामात जगात फिरणाऱ्या एच३एन२ च्या माथ्यावर शर्करेची एक नवी जागा आलेली होती. अंड्यात तो विषाणू नीट वाढेना. जो वाढला त्याने ती शर्करा गमावलेली होती. लसीने शरीराला उघडा चेहरा शिकविला आणि रस्त्यावर भेटला तो झाकलेला. त्या वर्षी लस कमी पडण्याचे हे एक कारण २०१७ साली पुढे आले. दोष उघड झाला, तसा उपायही पुढे आला : काही देशांत आता सस्तन प्राण्यांच्या पेशींत किंवा कीटकांच्या पेशींत फ्लूची लस तयार होते, आणि तेथे ती शर्करा टिकून राहते. जे शास्त्र आपली चूक मोजून दाखविते त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

फ्लूची लस दरवर्षी नवी का, ह्यात म्हणून व्यापाऱ्याची लबाडी शोधण्याचे कारण नाही. लबाडी शोधावयाची असेल तर ती दुसरीकडे शोधावी. ही लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. बहुतेक कष्टकऱ्यांना ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते. ऊसतोडीच्या टोळीत एका पालात पाच-सहा माणसे झोपतात, कोंबड्यांच्या शेडमध्ये माणूस आणि पक्षी एकच हवा घेतात. आणि त्यांनाच आजारपणाची भरपगारी रजा नाही. तापात कामावर यावे लागणारा माणूस विषाणूला नवी घरे मिळवून देतो, आणि जितकी घरे अधिक तितक्या प्रती अधिक, जितक्या प्रती अधिक तितके नवे अंगरखे अधिक. आजारी माणसाला घरी बसण्याची सोय करणे ही दया नव्हे. तो रोगनिवारणाचाच एक भाग आहे.

विषाणूजवळ आपले असे फार थोडे आहे. यंत्रे आपली, शर्करा आपली, अंगरखाही आपलाच. त्याच्याजवळ नाही ती स्मरणशक्ती, आणि एका शरीराला आलेला अनुभव दुसऱ्याच्या कामी आणण्याची शक्ती. ती आपल्याजवळ आहे. १९१८ च्या साथीतून वाचलेल्यांच्या रक्तातून २००९ चे कोडे सुटले, ते ह्याच शक्तीच्या जोरावर. ती शहरातल्या प्रयोगशाळेत जितकी वापरली जाते तितकीच ती पालात, शेडमध्ये आणि कारखान्याच्या दारात वापरली जावी, एवढीच आमची मागणी आहे.